घरातील वायफाय क्षीण का होते?

हवामानाचा इशारा, बाजारभाव व योजनांचे अर्ज आता मोबाईलवरच येतात. डाळिंबाच्या बागाईतदारास पावसाची सूचना रात्रीच मिळाली, तर सकाळची फवारणी थांबविता येते. ती उशिरा कळल्यास औषध व मजुरी दोन्ही वाहून जातात. म्हणून घरातील वायफाय हा केवळ करमणुकीचा विषय राहिलेला नाही.

वेळापूर येथील एका माळवदाच्या घरी माजघरात इंटरनेट चालत नसे. घरधनी अधिक वेगाची, अर्थातच अधिक दराची, जोडणी घेण्याच्या विचारात होते. पाहता असे आढळले की, राउटर जाड भिंतीच्या कोनाड्यात असून त्यास लागूनच धान्याची पत्र्याची कोठी होती. तो तेथून काढून सोप्यातील खांबावर पुरुषभर उंचीवर बसविला, तेव्हा माजघरातील अडचण दूर झाली. खर्च एका खिळ्याचा व काही हात वायरीचा!

याचे कारण सोपे आहे. वायफाय म्हणजे रेडिओलहरीच होत. पत्रा व लोखंडी कपाट त्या परतवितात. दगडमातीची जाड भिंत त्या शोषून घेते, आणि पावसाळ्यात भिंत ओलावली म्हणजे अधिकच शोषते. बहुतेक राउटर 2.4 व 5 गिगाहर्ट्‌झ अशा दोन पट्ट्यांवर चालतात. दुसऱ्या पट्टीचा वेग जास्त, परंतु भिंतीपलीकडे तिचा जोर लवकर ओसरतो. सबब आतील खोलीत 2.4 ची पट्टी निवडावी.

मात्र प्रथम दोष कोठे आहे हे पाहावे. मोबाईल राउटरजवळ नेऊन वेग तपासावा. तेथेही मंद असल्यास दोष बहुधा बाहेरून येणाऱ्या जोडणीत असतो. तशी तक्रार कंपनीकडे नोंदवावी, घरात फेरफार करून उपयोग नाही. जवळ चांगला व दूर मंद असेल तरच जागा बदलावी. दांड्या असल्यास त्या उभ्या ठेवाव्यात, कारण लहरी मुख्यतः दांडीच्या आजूबाजूस पसरतात.

एवढ्यानेही भागले नाही, तर लहरी पुढे नेणारे दुसरे यंत्र मिळते. ते अंधाऱ्या खोलीतच लावण्याची चूक पुष्कळ जण करतात. जेथे मूळ लहर अद्याप चांगली मिळते, अशा मधल्या जागी ते लावावे. गोठा किंवा शेतघर लांब असल्यास नेटवर्कची तार ओढून तेथे वेगळे यंत्र बसविणे अधिक भरवशाचे. साधी तांब्याची तार एका टप्प्यात 100 मीटरपर्यंतच चालते. ती विजेच्या तारेबरोबर एकाच नळीतून नेऊ नये, व विजा कडाडण्यापूर्वीच दोन्ही टोके काढून ठेवावीत.