एचआयडी मागण्याआधी डूम उघडा

माझं गॅरेज भोसरी आणि मोशीच्या मध्ये, पुणे-नाशिक रस्त्यालगत. गिऱ्हाईक बहुतेक चाकण एमआयडीसीत शिफ्टला जाणारं. सेकंड शिफ्ट सुटल्यावर कुरुळी, चिंबळी फाटा करत घरी येणाऱ्याला कडेला उभा कंटेनर वेळेत दिसलाच पाहिजे. म्हणून "दादा, एचआयडी टाकून द्या", म्हणजे हेडलाइटला झेनॉनचा दिवा बसवून द्या, या मागणीमागची काळजी मला पटते. तरी बल्ब काढण्याआधी मी जे सांगतो, ते इथे लिहितो.

१. आहे तो उजेड कुठे गेला, ते आधी शोधा. मध्यंतरी एक मुलगा जुनी पल्सर घेऊन आला, डीसी वायरिंगची. इंजिन चालू असताना बॅटरीवर १३.८ व्होल्ट, हेडलाइटच्या होल्डरवर जेमतेम १२. होल्डरचं प्लास्टिक तपकिरी, एक पिन काळी पडलेली. हॅलोजनचं व्होल्टेज १० टक्क्यांनी पडलं की उजेड जवळजवळ ३० टक्क्यांनी घटतो. होल्डर बदलला, अर्थिंग घासून घट्ट केलं, रिले टाकून बॅटरीवरून जाड वायर ओढली, पिवळी पडलेली काच पॉलिश केली. बल्ब तोच ठेवला. रात्री चक्कर मारून आला आणि एचआयडीचा विषय त्यानं स्वतःच सोडला.

२. डूम, म्हणजे काच-रिफ्लेक्टरसकट हेडलाइटचं घर, ज्या बल्बसाठी बनलेली असते, त्याच्याशीच तिचं जमतं. एच-४ हॅलोजन हातात घेऊन बघा. आत दोन फिलामेंट असतात आणि डिपरच्या फिलामेंटखाली पत्र्याची छोटी वाटी. ती वाटी खाली जाणारा उजेड अडवते, म्हणून रिफ्लेक्टरचा वरचा भागच कामाला लागतो आणि झोत रस्त्यावर पडतो. एचआयडीत फिलामेंटच नाही. झेनॉन वायू भरलेल्या नळीत दोन टोकांमध्ये ठिणगी पेटते, तिची जागा आणि आकार दोन्ही वेगळे. बाजारातल्या किटमध्ये अपर-डिपरसाठी बल्ब 'टक' करून मागेपुढे सरकतो, पण ठिणगी मूळ फिलामेंटच्या नेमक्या जागी क्वचितच येते. मग उजेड फुटतो, झाडांच्या शेंड्यांवर आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. मोशीहून येणाऱ्या स्कूटरवाल्याला काही क्षण समोरचं काहीच दिसत नाही. माझ्या मते एवढं एकच कारण नकार द्यायला पुरेसं आहे. प्रोजेक्टर असेल तर झोत बराच आवरतो, पण तोही एचआयडीसाठीच बनलेला हवा, आणि फोकस नव्याने बसवावाच लागतो.

३. करंटचा हिशोब करा. ३५ वॅटचा एचआयडी चालू झाल्यावर कमी खातो हे खरं, पण पेटताना पहिले काही सेकंद त्याच्या दुपटीहून जास्त ओढतो. बॅलास्ट तेव्हा २० हजार व्होल्टच्या वर झटका देतो, म्हणून चालू असताना त्या वायरला हात लावू नका. जुन्या कम्युटर गाड्यांत हेडलाइट थेट मॅग्नेटोच्या एसीवर चालतो. तिथे एचआयडी बॅटरीवर घेतला की छोटी बॅटरी हळूहळू उतरते आणि सकाळी सेल्फ लागत नाही.

४. निळा उजेड घेऊ नका. ८,००० केल्विनचा बल्ब दुकानात देखणा दिसतो, पण ४,३०० केल्विनच्या मानानं उजेड कमी देतो. इंद्रायणीच्या पुलाजवळ हिवाळ्यातल्या पहाटे धुकं धरतं, तेव्हा डोळ्यांसमोर पांढरी भिंत उभी राहते. पावसात ओलं डांबर तर उजेड गिळूनच टाकतं.

५. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींना हेडलाइटचं बटण नाही. इंजिन चालू झालं की दिवा लागतो. चाकणच्या तळेगाव चौकात कोंडी झाली की आपण चारदा गाडी बंद-चालू करतो, आणि दर वेळी एचआयडीला नव्यानं झटका बसतो. त्यानं बल्ब आणि बॅलास्ट, दोन्हींचं आयुष्य घटतं. ज्यांचे अपर आणि डिपरचे दिवे वेगळे आहेत, त्यांनी अपरला एचआयडी मुळीच लावू नये. पूर्ण पेटायला वेळ लागतो, त्यामुळे पासिंग द्यायची वेळ निघून जाते.

६. कायदा गंमत समजू नका. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२-अ नुसार परवानगी नसलेला बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं.

उजेड खरंच जास्त हवा असेल, तर नवी गाडी घेताना हेडलाइट बघून घ्या. डिसेंबर २०१६ मध्ये आलेली, चाकणलाच बनणारी डोमिनार ४०० कंपनीचाच एलईडी हेडलाइट घेऊन आली. तिथे दिवा आणि रिफ्लेक्टर एकमेकांसाठीच घडवलेले असतात.

ज्यांच्या गाडीत किट आधीच बसलेलं आहे, त्यांनी आज रात्री एवढं करावं. टायरमध्ये हवा पुरेशी ठेवून, गाडीवर बसून, १० मीटरवरून भिंतीवर डिपर मारा. झोताची वरची कड हेडलाइटच्या मध्यापेक्षा खाली नसेल, किंवा कडच दिसत नसेल, तर किट उतरवा आणि हॅलोजन परत बसवा.