नेता जन्मतो की घडतो?

कोणत्याही समाजाची प्रगती त्या समाजाला लाभलेल्या नेतृत्वावर अवलंबून असते, असे आपण नेहमी म्हणतो. जयंतीची सभा असो की वर्गणीची बैठक असो, बोलणे अखेर एकाच वाक्यावर येऊन थांबते, "आता पूर्वीसारखे पुढारी राहिले नाहीत." परंतु नेता म्हणजे काय आणि तो प्रभावी कशाने ठरतो, याचा विचार आपण क्वचितच करतो. आम्ही या विषयातील तज्ज्ञ नव्हे. बँकेतील नोकरी सांभाळून जे थोडेफार वाचले आणि समाजकार्यात जे पाहिले, ते येथे मांडीत आहोत.

१) थोर पुरुषांचा सिद्धांत

इतिहास थोर पुरुष घडवितात, हा विचार इंग्लंडमध्ये थॉमस कार्लाईल याने १८४० साली दिलेल्या व्याख्यानांतून मांडला. पुढे नेत्याच्या अंगी जन्मजात कोणते गुण असतात याचा शोध सुरू झाला. बुद्धी, उंची, आवाज, आत्मविश्वास अशा अनेक गुणांच्या याद्या तयार झाल्या. १९४८ साली राल्फ स्टॉगडिल या अमेरिकन अभ्यासकाने अशा १२४ अभ्यासांची छाननी केली. केवळ काही गुण अंगी आहेत म्हणून कोणी नेता होत नाही; ते गुण त्या वेळच्या परिस्थितीशी आणि अनुयायांच्या गरजांशी जुळावे लागतात, असे त्याला आढळले. जन्मावरून माणसाची योग्यता ठरविणे किती फोल आहे, हे आपल्या समाजाला वेगळे सांगण्याची गरज नाही.

२) वर्तनाचा सिद्धांत

नेता कोण आहे यापेक्षा तो वागतो कसा, हे पाहावे, असे नंतरच्या अभ्यासकांनी म्हटले. कुर्ट लेविन व त्याच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील आयोवा येथे शाळकरी मुलांच्या गटांवर प्रयोग केले व १९३९ साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. काही गटांचे प्रमुख हुकूम सोडीत, काही मुलांशी चर्चा करून काम ठरवीत, तर काही मुलांना मोकळे सोडून देत. हुकूमशाही प्रमुख खोलीबाहेर जाताच त्या गटाचे काम मंदावे. चर्चेने चालणाऱ्या गटाचे काम मात्र प्रमुखाच्या पाठीमागेही चालू राही.

याचा अनुभव आम्ही आमच्या नोकरीतही घेतला आहे. एका साहेबांच्या कारकिर्दीत ते रजेवर गेले की काउंटरवरच्या रांगा वाढत. दुसरे साहेब प्रत्येकाला दुसऱ्याचेही काम शिकवीत. ते रजेवर असले तरी संध्याकाळी हिशेब वेळेवर जुळे.

३) परिस्थितीचा सिद्धांत

फ्रेड फिडलर याने १९६७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात म्हटले की, एकच पद्धत सर्वत्र चालत नाही. नेता व अनुयायी यांचे संबंध, कामाचे स्वरूप आणि नेत्याच्या हाती असलेले अधिकार या तीन गोष्टींवर यश अवलंबून असते. पुरात माणसे वाचविताना स्पष्ट हुकूम लागतो. मंडळाची घटना तयार करताना सर्वांचे ऐकून घ्यावे लागते.

४) परिवर्तनाचा सिद्धांत

जेम्स बर्न्स याने १९७८ साली नेतृत्वाचे दोन प्रकार सांगितले. पहिला देवाणघेवाणीचा : तुम्ही मत द्या, मी काम करून देतो. दुसरा परिवर्तनाचा : यात नेता व अनुयायी एकमेकांची नैतिक पातळी उंचावतात. पहिल्या प्रकारचे पुढारी आपल्याला दर निवडणुकीत भेटतात. दुसऱ्या प्रकारचे नेतृत्व कसे असते, हे समजण्यासाठी मात्र आपल्याला परदेशी जाण्याची गरज नाही.

बाबासाहेबांची कसोटी

१८ जानेवारी १९४३ रोजी पुणे येथे न्यायमूर्ती रानडे यांच्या जयंतीनिमित्त डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी भाषण केले. त्यात त्यांनी कार्लाईलपासून मार्क्सपर्यंतच्या विचारांचा परामर्श घेतला. परिस्थितीला महत्त्व आहे, परंतु ती परिस्थिती वापरणारा माणूसही लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते. केवळ प्रसिद्ध व्यक्ती आणि खरा थोर पुरुष यांत त्यांनी भेद केला. प्रामाणिकपणा व बुद्धी तर हवीच. पण समाज शुद्ध करण्याच्या सामाजिक ध्येयाने जो झपाटलेला असतो, तोच त्यांच्या मते थोर. त्याच भाषणात त्यांनी विभूतिपूजेविरुद्ध इशारा दिला. नेत्याविषयी आदर बाळगणे आणि स्वतःची बुद्धी त्याच्या स्वाधीन करणे या दोन गोष्टी भिन्न आहेत, हे आपण विसरता कामा नये.

महाडचा धडा

२० मार्च १९२७ रोजी हजारोंच्या समुदायाने महाडच्या चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर आपल्या लोकांवर हल्ले झाले. लोक संतापले होते, प्रतिकार करण्याची त्यांच्यात ताकदही होती; पण बाबासाहेबांनी त्यांना आवरले. डिसेंबरमध्ये सत्याग्रहासाठी लोक पुन्हा जमले, तेव्हा न्यायालयाचा तात्पुरता मनाईहुकूम आडवा आला. लोक तुरुंगात जाण्याच्या तयारीने आले होते. अशा वेळी 'चला' म्हणणे सोपे होते. 'थांबा' म्हणणे अवघड होते. बाबासाहेबांनी लोकांना पटवून सत्याग्रह तहकूब केला आणि न्यायालयात लढा चालविला. मार्च १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. सुमारे दहा वर्षे धीर धरावा लागला! याच परिषदेच्या वेळी त्यांनी स्त्रियांनाही उद्देशून स्वतंत्र भाषण केले. वरील चारही सिद्धांत या एका प्रसंगात पडताळून पाहता येतात.

आपला प्रश्न

आता थोडे स्वतःविषयी. काही वर्षांपूर्वी एका वस्तीत मुलांसाठी अभ्यासिका सुरू झाली. ती चालविणारे गृहस्थ अत्यंत तळमळीचे होते. किल्ली त्यांच्याच खिशात असे, हिशेबाची वहीही त्यांच्याच घरी. ऐन परीक्षेच्या दिवसांत ते आजारी पडले आणि अभ्यासिकेला कुलूप लागले. मुले जिन्यात बसून अभ्यास करू लागली. पुढे ती अभ्यासिका नीटशी उघडलीच नाही. लोकांनी त्या गृहस्थांना दोष दिला. परंतु त्या समितीत आम्हीही होतो. दुसरी किल्ली आम्ही कधी मागितली नाही. कारण किल्लीबरोबर जबाबदारीही आली असती. ही खंत आजही मनात आहे.

म्हणून प्रत्येक संस्थेच्या कार्यकर्त्यांनी स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत, असे आम्हास वाटते :

१. आपण नसताना काम चालेल काय?
२. हिशेब सर्वांसमोर मांडला जातो काय?
३. विरोधी मत मांडणाऱ्यास पुढच्या बैठकीचे निमंत्रण जाते काय?
४. स्त्रिया निर्णय घेण्यात आहेत, की केवळ भोजनदानाच्या व्यवस्थेत?
५. गेल्या दोन वर्षांत आपण किती नवे कार्यकर्ते तयार केले?

तथागत बुद्धांनी आपल्यामागे कोणालाही वारस नेमले नाही. धम्म व विनय हेच तुमचे मार्गदर्शक, असे त्यांनी भिक्खूंना सांगितले. व्यक्ती जाते, तत्त्व व संघटना राहते, हाच त्याचा अर्थ होय.

तेव्हा नेता जन्मतो की घडतो, या प्रश्नाचे आमच्या अल्पमतीप्रमाणे उत्तर असे, की नेता घडतो आणि त्याला घडविणाऱ्यांत अनुयायीही असतात. चांगला नेता केव्हा मिळेल, याची वाट पाहत बसण्यापेक्षा आपण दुसरी किल्ली मागण्यास पुढे होऊ या.

जयभीम!