जुनी आरएक्स आणि वीस टक्क्यांचं पेट्रोल

टू-स्ट्रोक गाडी जाम होण्याआधी तिचा आवाज कोरडा पडतो. साक्रीत ड्रॅग रेससाठी बांधलेल्या माझ्या यामाहा आरएक्स-100 चं डिसेंबरातल्या सरावात हेच झालं. मागचं चाक लॉक झालं. क्लच वेळेवर दाबला म्हणून हाडं शाबूत राहिली. हेड उघडलं तर पिस्टनवर उभे चरे, प्लग पांढराफटक.

कार्बोरेटर लावला होता जुन्या पेट्रोलवर, भर उन्हाळ्यात. 2023 पासून पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल येऊ लागलं आणि आता सगळीकडे तेच आहे. एक किलो शुद्ध पेट्रोल जळायला सुमारे 14.7 किलो हवा लागते, इथेनॉलला 9, या मिश्रणाला साधारण 13.5. म्हणजे कार्बोरेटरमधला इंधनाचा जेट तोच ठेवला तर इंजिन उपाशी. त्यात खान्देशातली थंडीतली हवा दाट, म्हणून उपासमार आणखी वाढते. 1996 मध्येच बंद झालेल्या या गाडीला मिश्रण ओळखणारा सेन्सर कुठून असणार? जेट आपणच बदलायचा: एक-दोन नंबर मोठा घ्या, एक रन मारा, प्लग काढून बघा. चॉकलेटी हवा.

इथेनॉलला शिव्या देणाऱ्यांत मी नाही. त्याचा ऑक्टेन जास्त, शिवाय ते इंजिन थंड ठेवतं. टर्बो लावलेल्या ड्रॅग कार मुद्दाम ई-85 या जास्त इथेनॉलच्या इंधनावर पळतात. पण ते लोक इंजेक्टर आणि पंप मोठे करतात आणि इंधन तपासूनच भरतात, कारण अमेरिकेत ई-85 च्या नावाखाली 51 ते 83 टक्के इथेनॉलचं काहीही मिळतं.

तपासणी आपल्यालाही जमते. काचेच्या मोजपात्रात 10 मिली पाणी, वर 100 मिली पेट्रोल घालून हलवा आणि ठेवून द्या. खालचा थर 30 मिलीच्या आसपास गेला तर इथेनॉल 20 टक्के. हे उघड्यावर करा, बिडीवाला लांब ठेवा.

टाकीतच टू-टी तेल मिसळणाऱ्यांनी पाण्याला फार जपावं. पाणी शिरलं की इथेनॉल त्याच्यासोबत तळाला बसतं, तेल वरच्या पेट्रोलात राहतं आणि नळ आधी तळातलं ओढतो. गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी आणि फ्लोट बाऊल रिकामे करा. जुन्या रबरी नळ्या फुगतात, त्या बदला.

सुरत-नागपूर महामार्गावर रेस लावणाऱ्या पोरांना मात्र मी जेटचा नंबर सांगत नाही. बंद धावपट्टीवर जाणार असाल तर माझ्या गॅरेजला या, प्लग सोबत आणा.