गच्चीवर ऊन, खोलीत अंधार : छोट्या ग्रिडचं कंट्रोल आणि प्रोटेक्शन

गच्चीवर सोलर पॅनल असलेल्या होस्टेलमध्ये भर दुपारी लाईट गेली की एक प्रश्न हमखास ऐकू येतो : "अगं, वर एवढं ऊन आहे, मग पंखा का बंद?" मी इलेक्ट्रिकलची, त्यामुळे हा प्रश्न माझ्याकडेच येतो आणि जिन्यात उभ्या उभ्या त्याचं उत्तर देता येत नाही. म्हणून हा लेख. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं, तेव्हा फॉल्टला मी फॉल्टच म्हणणार आहे. मराठीप्रेमींनी सांभाळून घ्यावं.

१. सोलर मुद्दाम का बंद होतं?

भजनात टाळकरी पखवाजाचा ठेका ऐकून टाळ वाजवतात. आपल्याकडचे बहुतेक सोलर इन्व्हर्टर असे टाळकरी आहेत. ग्रिडचे ५० हर्ट्झ ऐकायचे आणि त्याच तालावर करंट सोडायचा. यांना 'ग्रिड-फॉलोइंग' म्हणतात. पखवाज थांबला की हेही थांबतात.

पण थांबण्याचं दुसरं कारण जास्त महत्त्वाचं आहे. समजा, लाईन तुटली आणि वायरमन खांबावर चढला. त्या वेळी आपला इन्व्हर्टर चालूच राहिला तर? डिस्ट्रिब्युशन ट्रान्सफॉर्मर ११ हजार व्होल्टचे ४३३ करतो, हे आपण शिकलो. तोच ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने ४३३ चे ११ हजारही करतो! म्हणजे मेलेली समजून हात लावलेली लाईन जिवंत निघू शकते. म्हणून २००३ च्या आयईईई १५४७ या स्टँडर्डने सांगितलं की असं नकळत 'बेट' तयार झालं, तर दोन सेकंदांच्या आत वीज सोडणं थांबवायचं. याला अँटी-आयलंडिंग म्हणतात. भारतातही केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांत ही अट आहे.

ग्रिड गेला हे इन्व्हर्टरला कळतं कसं? सोलर आणि लोड यांत फरक असेल तर व्होल्टेज किंवा फ्रिक्वेन्सी लगेच हलते. पण नेमकं २० किलोवॅट सोलर आणि २० किलोवॅटच लोड असेल तर काहीच हलत नाही, इन्व्हर्टर फसू शकतो. म्हणून तो मधूनमधून फ्रिक्वेन्सीला हलकासा धक्का देतो. ग्रिड अवाढव्य असल्यामुळे जागचा हलत नाही. ग्रिड नसेल तर फ्रिक्वेन्सी घसरत जाते आणि चोरी पकडली जाते.

२. मुद्दाम बेट करायचं असेल तर?

लाईट गेल्यावरही होस्टेल चालवायचं असेल, म्हणजे मायक्रोग्रिड करायचा असेल, तर पहिली गोष्ट गेटवरचा स्विच. ग्रिड गेला की त्याने आपल्याला बाहेरच्या लाईनपासून पूर्ण तोडायचं. वायरमनचा जीव या एका स्विचवर असतो.

दुसरी गोष्ट, ठेका धरणारा कोणीतरी हवा. बॅटरीवरचा 'ग्रिड-फॉर्मिंग' इन्व्हर्टर हे काम करतो. असे दोन असतील तर लोड कोणी किती उचलायचा, हा प्रश्न येतो. उत्तर आहे ड्रूप कंट्रोल. प्रत्येकाने लोड वाढेल तशी आपली फ्रिक्वेन्सी थोडी खाली आणायची. समजा, नो-लोडला ५०.५ आणि फुल लोडला ४९.५ हर्ट्झ ठेवले. एक मशीन ४० किलोवॅटचं, दुसरं २० चं. होस्टेलचा लोड ३० किलोवॅट झाला की फ्रिक्वेन्सी ५० वर येते आणि मशीनं २० व १० किलोवॅट वाटून घेतात. लोड ४५ झाला की ४९.७५ हर्ट्झ, वाटणी ३० आणि १५. मधे एकही कम्युनिकेशन वायर नाही! फ्रिक्वेन्सी हाच निरोप. बॅटरी भरली असेल तर हाच निरोप उलटा देतात. फ्रिक्वेन्सी वर नेली की सोलर इन्व्हर्टर आपली पॉवर कमी करतात. नंतर वरचा कंट्रोलर सावकाश सगळ्यांना ५० वर आणतो.

लो व्होल्टेज केबलमध्ये रेझिस्टन्स जास्त असतो, त्यामुळे तिथे हे गणित पुस्तकातल्याइतकं स्वच्छ राहत नाही, एवढं ओरलसाठी लक्षात ठेवा.

३. खरी डोकेदुखी : फॉल्ट

आपलं नेहमीचं प्रोटेक्शन एका गृहीतकावर उभं आहे : शॉर्ट सर्किट झालं की प्रचंड करंट येणार. २०० केव्हीएचा ट्रान्सफॉर्मर, ४.५ टक्के इम्पिडन्स, फुल लोड करंट सुमारे २६७ अँपिअर. २६७ भागिले ०.०४५, म्हणजे टर्मिनलवर जवळजवळ ५,९०० अँपिअर. एवढा आरडाओरडा झाल्यावर एमसीबी पडणारच.

आता बेट करा. आपल्याकडे फक्त २० किलोवॅटचा इन्व्हर्टर आहे. त्याचा फुल लोड करंट सुमारे २८ अँपिअर. आतले सेमीकंडक्टर जळू नयेत म्हणून तो स्वतःला आवरतो. समजा, १.२ पटीवर आवरतो, म्हणजे ३३ अँपिअर. मजल्यावर ३२ अँपिअरचा सी टाईप एमसीबी आहे. तो क्षणात पडायला ५ ते १० पट, म्हणजे १६० ते ३२० अँपिअर लागतात. ३३ अँपिअरवर तो तासभरही हलणार नाही. त्याच्या दृष्टीने हा साधा लोड आहे.

मग होतं काय? व्होल्टेज कोसळतं, इन्व्हर्टर घाबरून बंद होतो आणि एका खोलीतल्या फॉल्टसाठी सगळं होस्टेल अंधारात जातं. फॉल्ट कुठे, तेही कळत नाही. आर्क करणारा फॉल्ट असेल तर याहून वाईट. व्होल्टेज पुरतं कोसळत नाही, इन्व्हर्टर वीज देत राहतो आणि वायर गुपचूप तापत राहते.

४. उपाय

(अ) सगळ्यात स्वस्त उपाय : सर्किटचे लहान भाग करा. खोलीला ६ अँपिअरचा बी टाईप एमसीबी ३ ते ५ पटीवर, म्हणजे १८ ते ३० अँपिअरवर क्षणात पडतो. त्याला ३३ अँपिअर पुरतात.
(आ) मजल्याच्या फीडरसाठी करंटबरोबर व्होल्टेजही बघणारा रिले लावा. करंट साधाच, पण व्होल्टेज पडलेलं, म्हणजे फॉल्ट.
(इ) डिफरन्शियल प्रोटेक्शन : जेवढा करंट आत गेला तेवढा बाहेर यायला हवा. करंट थोडा असला तरी चालतं, पण खर्च वाढतो.
(ई) रिलेला दोन सेटिंग द्या, एक ग्रिडवर असतानाचं, एक बेटाचं. गेटच्या स्विचची स्थिती बघून रिलेने सेटिंग बदलायचं.
(उ) अर्थिंग : ग्रिड तुटला की ट्रान्सफॉर्मरचं अर्थ केलेलं न्यूट्रलही तुटू शकतं. तसं असेल तर बेटात न्यूट्रल पुन्हा अर्थ करावं लागतं. ते नीट असेल तर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बेटातही माणसाला वाचवतो, कारण त्याला मोठा करंट लागतच नाही. मात्र फेज-न्यूट्रल शॉर्ट त्याला दिसत नाही.

ग्रिड परत आला की लगेच स्विच मारायचा नाही. व्होल्टेज, फ्रिक्वेन्सी आणि फेज जुळल्यावरच जोडायचं. मशीन लॅबमधले सिंक्रोनायझिंगचे तीन दिवे आठवा!

५. सेंदाईने काय शिकवलं?

जपानमध्ये सेंदाई शहरात तोहोकू फुकुशी विद्यापीठाच्या आवारात असा मायक्रोग्रिड आहे. त्यात ३५० किलोवॅटची दोन गॅस इंजिनं, ५० किलोवॅट सोलर आणि बॅटरी होती. ११ मार्च २०११ च्या महाभूकंपात शहराचा ग्रिड गेला. गॅस इंजिनंही सुरुवातीला थांबली, पण सगळ्यात महत्त्वाचे लोड बॅटरी आणि सोलरवर तगले. दुसऱ्या दिवशी इंजिनं पुन्हा सुरू केली आणि १४ मार्चला ग्रिड परत येईपर्यंत दवाखाना व शुश्रूषा केंद्राला वीज मिळत राहिली. हे जमलं, कारण कुठला लोड आधी जगवायचा आणि कुठला सोडायचा, हे डिझाईन करतानाच ठरलं होतं. आपल्याकडे हे ठरवायचं झालं तर पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे आणि मेसचा फ्रीज आधी. गीझर आणि इस्त्री शेवटी. भांडणं होतील, पण ती आधीच झालेली बरी.

जाता जाता कळकळीची एक विनंती. गॅदरिंगला किंवा गणपतीत जनरेटर आणला की कोणीतरी दोन्ही टोकांना पिन असलेली वायर करून तो थेट सॉकेटमध्ये घालतो. हे बेटच आहे, पण गेटवर स्विच नसलेलं. चेंजओव्हर स्विचशिवाय जनरेटर जोडू नका आणि कोणी जोडत असेल तर रेक्टर सरांना लगेच सांगा. चुगली म्हटलं तरी चालेल. बाहेर खांबावर कोण चढलंय, हे आपल्याला खोलीतून दिसत नाही.

ज्यांना बी.ई.ला प्रोजेक्ट हवा आहे त्यांनी आपल्या होस्टेलचं सिंगल लाईन डायग्राम काढून प्रत्येक एमसीबीसमोर दोन आकडे लिहावेत, ग्रिडवरचा फॉल्ट करंट आणि बेटातला. एका पानाचं काम आहे, पण त्यातून काय काय बदलावं लागेल ते स्पष्ट दिसेल. टेप आणि मल्टिमीटर घेऊन मजले फिरायला मी तयार आहे.