विझत जाणारे तारे

मुलांनो, मे महिन्याच्या अखेरीस रात्री दहाच्या सुमारास दक्षिणेकडील आकाशात पाहा. विंचवाच्या आकाराची वृश्चिक रास तुम्हांला दिसेल. तिच्यातील लालसर, ठळक तारा म्हणजे ज्येष्ठा. अरबी ज्योतिर्विद त्याला ‘कल्ब-उल-अक्रब’, म्हणजे विंचवाचे हृदय, म्हणत. ज्येष्ठेच्या शेजारी लहान दुर्बिणीतूनही एक धुरकट ठिपका दिसतो. तो आहे एम-४ नावाचा गोलाकार तारकागुच्छ. त्यात एक लाखाहून अधिक तारे आहेत. तो आपल्यापासून सुमारे ६,००० प्रकाशवर्षे दूर आहे.

सूर्यासारख्या ताऱ्याचे इंधन संपले, की त्याचे बाहेरचे थर अवकाशात निघून जातात. मागे तप्त गाभा उरतो. त्याला श्वेत बटू म्हणतात. तो पृथ्वीएवढाच असतो. पण त्यात सूर्याच्या निम्म्याहून अधिक द्रव्य ठासून भरलेले असते! (श्वेत बटूच्या वस्तुमानाची मर्यादा शोधणारे चंद्रशेखर १९१० साली लाहोरला जन्मले.) चुलीतून काढलेल्या निखाऱ्यासारखा श्वेत बटू हळूहळू निवत जातो. निखारा किती निवला, यावरून चूल कधी विझली हे तुम्ही ओळखता ना? ताऱ्यांचे वयही तसेच काढता येते.

या वयाचे मोठे कोडे होते. १९९४ च्या सुमारास काही मोजमापांवरून विश्वाचे वय ८ ते १२ अब्ज वर्षे निघत होते. तारकागुच्छांचे वय मात्र त्याहून जास्त येत होते. लेकरू आईपेक्षा मोठे कसे असेल?

मग हबल दुर्बीण एम-४ कडे वळवण्यात आली. १९९५ मध्ये हार्वे रिचर यांच्या गटाला तेथे श्वेत बटू सापडले. पण सर्वांत जुने, सर्वांत मंद बटू दिसले नव्हते. २००१ मध्ये ६७ दिवसांच्या काळात हबलने एकूण जवळजवळ आठ दिवस प्रकाश गोळा केला. तरीही अडचण होतीच. गुच्छाच्या मागे दूरवरचे असंख्य तारे होते. त्यांतून आपले कोणते, परके कोणते, हे कसे ओळखावे? शास्त्रज्ञांनी १९९५ आणि २००१ ची छायाचित्रे ताडून पाहिली. गुच्छातील तारे मेंढरांच्या कळपासारखे एकत्र सरकले होते. बाकीचे त्यांच्याबरोबर नव्हते. असे परके तारे वगळले, तेव्हा अतिशय मंद बटू हाती लागले. नुसत्या डोळ्यांना दिसणाऱ्या सर्वांत मंद ताऱ्याच्या एक अब्जांशापेक्षाही त्यांचा उजेड कमी होता.

त्यांवरून २००२ साली एम-४ चे वय १२ ते १३ अब्ज वर्षे ठरले. पुढे विश्वाचे वय सुमारे १३.८ अब्ज वर्षे निघाले. आई लेकरापेक्षा मोठीच होती!