ए समोर टीच का? डीएनएच्या चार अक्षरांविषयी

डीएनएचा धडा आला की मुलं ‘ए-टी, जी-सी’ पाठ करतात आणि एका मार्काचा प्रश्न सुटतो. पण एखादा विद्यार्थी विचारतोच, “सर, ए समोर सी का नाही चालत?” ‘तसा नियमच आहे’ असं सांगून आपण पुढे जाऊ नये. उत्तर रेणूंच्या आकारात आहे आणि ते मुलांना सहज कळतं.

आधी घटक पाहू. डीएनए म्हणजे न्यूक्लिओटाइडची लांब साखळी. प्रत्येक न्यूक्लिओटाइडमध्ये डीऑक्सीरायबोज ही शर्करा, एक फॉस्फेट आणि एक नायट्रोजनयुक्त बेस असतो. शर्करा व फॉस्फेट सगळीकडे सारखेच, फरक फक्त बेसचा. अ‍ॅडेनीन आणि ग्वानीन हे प्युरीन, त्यांना दोन कडी असतात. थायमीन आणि सायटोसीन हे पिरिमिडीन, त्यांना एकच. (नाव लहान तो रेणू मोठा, नाव लांब तो लहान. मुलांच्या हे पक्कं लक्षात राहतं.)

चारही बेस सारख्याच प्रमाणात असतात, असं पूर्वी मानलं जाई. इतक्या एकसुरी रेणूत आनुवंशिक माहिती काय मावणार, असंच अनेकांना वाटे. अर्विन चारगाफ यांनी वेगवेगळ्या सजीवांचा डीएनए तपासला, तेव्हा प्रमाण सारखं निघालं नाही. माणसात ए आणि टी प्रत्येकी सुमारे ३० टक्के, जी आणि सी प्रत्येकी सुमारे २० टक्के. दुसऱ्या सजीवात आकडे वेगळे, पण ए जवळपास टीएवढा आणि जी सीएवढा, हे कायम. असं का, हे मात्र तेव्हा उलगडलं नव्हतं.

१९५३ साली केंब्रिजमध्ये जेम्स वॉटसन पुठ्ठ्याचे बेस कापून जुळवत बसले होते. जोड्या बसेनात, कारण त्या काळच्या पुस्तकांतल्या आकृत्यांमध्ये काही हायड्रोजन अणू चुकीच्या जागी दाखवलेले होते! जेरी डोनोह्यू या सहकाऱ्याने ते दाखवून दिलं. नवे तुकडे कापल्यावर ए-टी आणि जी-सी या दोन्ही जोड्या एकाच मापाच्या निघाल्या. छापलेली आकृतीही तपासावी लागते, हे वर्गात जरूर सांगा.

हेच वर्गात करता येतं. प्युरीनसाठी ५ सेंमी आणि पिरिमिडीनसाठी ३ सेंमीच्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापा. दोन दोऱ्या ८ सेंमी अंतरावर ताणा. दोन प्युरीन मावत नाहीत, दोन पिरिमिडीन पोचत नाहीत. मग ए-सी का नको? ती तर ८ सेंमीचीच होते. म्हणून पट्ट्यांच्या टोकांना खाचा पाडा: ए आणि टीला दोन, जी आणि सीला तीन. हे हायड्रोजन बंध. ए-सीच्या खाचा जुळत नाहीत. खऱ्या रेणूतही जुळण्याजोगे अणू समोरासमोर येत नाहीत.

नंतर गणित द्या: ए २८ टक्के असेल तर जी किती? (२२.)

जी मुलं लवकर सोडवतील त्यांच्यासाठी फाय-एक्स-१७४ या विषाणूचे आकडे ठेवा: ए सुमारे २४ टक्के, टी ३१. नियम मोडला का? थोडा वेळ वाद घालू द्या. त्याचा डीएनए एकपदरी असतो, समोर जोडीदारच नाही.