रविवारी स्वतःची गाडी चमकवता? मग सोबत एक वही ठेवा

मागच्या व्हिडिओत मी माझ्या गाडीच्या बॉनेटवर अर्धा भाग पॉलिश केलेला आणि अर्धा तसाच ठेवलेला दाखवला होता. त्यानंतर बऱ्याच जणांचा एकच प्रश्न आला: "सर, हे मी घरी करतो, मला आवडतं, याचा धंदा होईल का?" व्हिडिओत उत्तर द्यायला वेळ नव्हता. इथे नीट लिहितो. उत्तर "हो" आहे, पण तुम्हाला वाटतंय त्या कामात नाही.

आधी गाडीबद्दल बोलू, पैशाबद्दल नंतर.

वाकोल्यात सकाळी सहा-साडेसहाला कुठल्याही सोसायटीत डोकावून बघा. एक माणूस, एक बादली, एक फडकं. त्या एकाच बादलीत वीस-पंचवीस गाड्या पुसून होतात. आपल्याकडे गाड्यांवर काय बसतं? हायवेची धूळ, रिडेव्हलपमेंटच्या बांधकामाचा सिमेंट-चुरा, स्टेशनच्या बाजूला लावलेली असेल तर रेल्वेच्या चाकांची आणि ब्रेकची लोखंडी भुकटी, वरून कावळे-कबुतरं. हे सगळं त्या फडक्यात अडकतं आणि पुढच्या गाडीच्या पत्र्यावर घासलं जातं. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर तिरका धरा. कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल बारीक चरे दिसतील. तुम्ही म्हणता, "गाडी जुनी दिसायला लागली." जुनी झालेली नाही, रोज थोडी थोडी घासली गेली आहे.

यात त्या माणसाचा दोष नाही, हे आधीच सांगतो. महिन्याला जेवढे पैसे आपण त्याला देतो, त्यात तो दर गाडीला नवं फडकं वापरू शकत नाही. त्याच्याबद्दल पुढे अजून बोलायचं आहे.

आता पत्र्यावर नेमकं काय असतं ते समजून घ्या, कारण इथेच लोक चुकतात. आजच्या गाड्यांवर प्रायमर, त्यावर रंग आणि सगळ्यात वर पारदर्शक थर असतो, त्याला क्लिअर कोट म्हणतात. चमक असते ती या थराची. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे बहुतेकांच्या डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी. गॅरेजमध्ये ज्याला आपण "रबिंग-पॉलिश" म्हणतो, त्यात हाच थर थोडा घासून सपाट करतात, म्हणजे चऱ्याच्या कडा जातात आणि प्रकाश सरळ परत येतो. पॉलिशने चरे भरत नाहीत, आजूबाजूचा थर खाली येतो. हे डोक्यात बसलं की दर दोन महिन्यांनी रबिंग करून घेण्याची हौस आपोआप जाते. हे बँकेतल्या मुदत ठेवीसारखं आहे, मोडली की मोडली.

मी हे कसं शिकलो? शेजारच्या काकांची गाडी जाळून.

माझ्या स्वतःच्या सेकंडहँड हॅचबॅकवर तीन-चार रविवार हात फिरवला होता. गाडी खरंच छान दिसत होती. खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "माझीपण करून दे रे, दीड हजार देतो." मला आकाश ठेंगणं झालं. पहिलं गिऱ्हाईक! लवकर व्हावं म्हणून ओळखीच्या गॅरेजमधून रोटरी मशीन मागून आणलं. रोटरीत पॅड एकाच जागी गरगर फिरतं, काम झपाट्याने होतं आणि उष्णताही तेवढीच तयार होते. बॉनेटच्या कडेला क्लिअर कोट मुळातच पातळ असतो. मी तिथे मशीन दोन सेकंद जास्त टेकवलं. आधी रंग मंद झाला, मग खालचा प्रायमर दिसला. बॉनेट परत रंगवायला साडेचार हजार गेले, ते मी भरले. काका एक शब्द बोलले नाहीत, आणि तेच जास्त लागलं. पुढचे सहा महिने मी लिफ्ट टाळून जिन्याने जात होतो.

म्हणून पहिला नियम: मशीनचा पहिला हात स्वतःच्या गाडीवर. त्याहून बरं म्हणजे भंगारवाल्याकडून एखादं जुनं बॉनेट आणा आणि मुद्दाम एक कड जाळून बघा. ती कशी जळते, किती वेळात जळते, हे एकदा हाताला कळलं की पुन्हा चूक होत नाही. आणि नवशिक्यांनी रोटरीच्या नादी लागू नये, ड्युअल अ‍ॅक्शन मशीन घ्यावं. त्यात पॅड फिरतं आणि थरथरतंही, त्यामुळे उष्णता एका जागी साचत नाही. काम हळू होतं, होऊ दे.

घरी करायची पद्धत

उन्हात कधीच नाही. पत्रा हाताला गार लागला पाहिजे. पाण्याच्या दोन बादल्या घ्या, एक शाम्पूची, एक नुसत्या पाण्याची. मऊ मिट शाम्पूत बुडवायचा, एक भाग धुवायचा, मग साध्या पाण्यात खळबळून घाण तिथे सोडायची आणि पुन्हा शाम्पूत. वरून खाली यायचं, चाकं आणि दारांचा खालचा भाग शेवटी. भांड्यांचा साबण वापरू नका, तो वॅक्स काढून टाकतो. दोन बादल्यांत गाडी होते. सोसायटीचा पाइप लावायचा मोह झाला तर १५ लिटरची बादली त्या पाइपाने किती सेकंदांत भरते ते एकदा मोजा आणि तोच पाइप वीस मिनिटं चालू असल्याचा हिशोब करा. सेक्रेटरी का ओरडतात ते कळेल. आणखी एक: पालिकेचं पाणी तलावांचं, तुलनेने मऊ. बोअरिंगचं किंवा टँकरचं पाणी जड असतं, ते पत्र्यावर सुकलं की पांढरे डाग पडतात. त्यामुळे धुऊन झालं की लगेच मोठ्या मायक्रोफायबरने टिपायचं. घासायचं नाही, टिपायचं.

मग हातात पातळ प्लॅस्टिकची पिशवी घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. खरखर लागली तर क्ले लागेल. क्ले म्हणजे मळलेल्या कणकेसारखा गोळा. शाम्पूचं पाणी मारून तो हलक्या हाताने सरकवला की चिकटलेले कण उचलून घेतो. जमिनीवर पडला तर सरळ फेकून द्या, चाळीस रुपये वाचवायला जाल आणि पूर्ण दार चरवटून ठेवाल. सिमेंटचे शिंतोडे असतील तर घासू नका, नखाने तर अजिबात नाही. पांढरं व्हिनेगर आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भिजवलेलं फडकं पाच-दहा मिनिटं ठेवा, सिमेंट भुसभुशीत होतं. मग भरपूर पाण्याने धुवा.

पॉलिशच्या आधी कडा आणि रबर-प्लॅस्टिकचे भाग मास्किंग टेपने झाका. दोन फूट बाय दोन फूट जागा घ्या, सगळ्यात सौम्य पॉलिश आणि मऊ पॅडने सुरुवात करा. त्याने चरे गेले तर जास्त कडक काही वापरायचंच नाही. पांढऱ्या फडक्यावर गाडीचा रंग उतरताना दिसला तर थांबा. त्या भागावर क्लिअर कोट नाही, किंवा पुन्हा रंगवलेला आहे, किंवा तुम्ही संपवत आणला आहे. शेवटी वॅक्स. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडाच्या पानांवरून मिळतं. दिसायला सुंदर, पण आपल्या उन्हा-पावसात थोडेच आठवडे टिकतं. सिंथेटिक सीलंट जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंगच्या जाहिरातीत "९एच" लिहिलेलं असतं, ती पेन्सिलच्या कडकपणाची चाचणी आहे, हिऱ्या-माणकाची नाही. गिऱ्हाईक विचारेल, तेव्हा खरं सांगता आलं पाहिजे.

आता वही उघडा

काकांच्या प्रकारानंतर मी वही केली. माझ्याच गाडीच्या एका पूर्ण कामाचे हे आकडे. भाव त्या वेळचे, तुम्ही तुमचे लिहा. धुणं-वाळवणं सव्वा तास, क्ले पाऊण तास, पॉलिश पाच तास, वॅक्स पाऊण तास, आतली सफाई सव्वादोन तास. एकूण दहा तास. मालाचा खर्च: शाम्पू ३० रुपये, क्ले ८०, पॉलिश २२०, पॅडची झीज १५०, वॅक्स ७०, आतलं क्लीनर १००, फडक्यांची झीज ५०. झाले ७००. मशीन नऊ हजारांचं, साठ गाड्या चालेल असं धरलं तर दर गाडीला १५०. म्हणजे खिशातून गेले ८५०.

काका दीड हजार देणार होते. उरले ६५०, दहा तासांचे. तासाला ६५ रुपये! आणि मी त्याला धंदा समजत होतो. हेच काम ३,५०० ला केलं तर तासाला २६५ पडतात.

आता गंमत बघा. नुसतं धुणं आणि आतली सफाई घ्या. साडेतीन तास, माल १८० रुपयांचा. १,२०० रुपये घेतले तर उरतात १,०२०, म्हणजे तासाला साधारण २९०. मशीन नाही, पॅड नाही, पत्रा जळण्याची भीती नाही. शिवाय पॉलिश एका गाडीला वर्षातून फार तर एकदा करावं, आतली सफाई दर तीन महिन्यांनी लागते. पॉलिश दिसतं म्हणून सगळे त्याच्या मागे धावतात, व्हिडिओतसुद्धा मी तेच दाखवलं, कबूल आहे. पण घर चालेल ते सीट, मॅट आणि एसीच्या वासावर.

आपल्या भागात तर नक्कीच. वाकोल्याच्या नाल्याकाठी पावसाळा काय असतो ते इथल्या कुणाला सांगायला नको. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला, त्या दिवसाच्या आठवणी घरोघरी आहेत. तेवढं टोकाचं सोडा, पण दर जुलै-ऑगस्टमध्ये ओल्या चपला, ओल्या छत्र्या, बंद काचा आणि मॅटखाली बुरशी हे ठरलेलं. मॅटखालचं कार्पेट उचलून वाळवल्याशिवाय वास जात नाही, परफ्यूमने तर नाहीच. हे काम मालकाला स्वतः करायचं नसतं, आणि त्याला ते लगेच जाणवतं.

दुसरा हंगाम दसरा. खंडेनवमी-दसऱ्याला गाडीची पूजा होते, त्याआधीच्या आठवड्यात प्रत्येकाला गाडी लख्ख हवी असते. आणि पूजेनंतर? हळद-कुंकू बॉनेटवर तसंच राहतं, झेंडूच्या माळेचा दोरा वाऱ्याने पत्र्यावर घासतो. पूजेआधीचं आणि पूजेनंतरचं, अशा दोन फेऱ्यांचं एकत्र बुकिंग घ्या. ही कल्पना मला माझ्या आईने दिली, जिला गाडी चालवता येत नाही.

पहिलं गिऱ्हाईक कुठून आणायचं

१९४० च्या दशकात शिकागोत बेन हर्श नावाच्या माणसाने घरगुती पातळीवर गाडीचं पॉलिश बनवायला सुरुवात केली. त्याची अशी गोष्ट सांगतात की तो पार्किंगमध्ये उभ्या गाड्यांचं एकच मडगार्ड चमकवायचा आणि मालक परत येईपर्यंत थांबायचा. मालकाने ते एक मडगार्ड बघितलं की बाकीच्या गाडीची लाज वाटायची. त्याचीच कंपनी पुढे टर्टल वॅक्स झाली. वाकोल्यात न विचारता कुणाच्या गाडीला हात लावू नका, मार खाल. पण स्वतःच्या गाडीची एक सीट साफ आणि शेजारची तशीच ठेवून दोन दिवस दार उघडं टाकून गेटजवळ उभे राहायला कुणाची हरकत?

आणि तो सकाळचा बादलीवाला. बरेच नवे उद्योजक त्याला स्पर्धक समजतात, "मी महिन्याला शंभर रुपये कमीत करतो" म्हणून त्याची गाड्यांची यादी तोडतात. असं करू नका. एक तर त्याच्या पोटावर पाय येतो, दुसरं म्हणजे त्या भावात तुम्ही महिनाभरही टिकणार नाही. त्याला दहा मायक्रोफायबर द्या, दोन बादल्यांची पद्धत दाखवा. कुठल्या गाडीत लहान मूल उलटी करतं, कोण गाडी विकायला काढणार आहे, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. त्याने आणलेल्या प्रत्येक कामावर त्याचा वाटा आधीच ठरवा आणि त्याच दिवशी हातात द्या.

कागदपत्रांचं थोडक्यात: सोसायटीची परवानगी लेखी घ्या, त्यात पाणी, वीज आणि वेळ लिहा. कॉमन मीटरची वीज फुकट नसते आणि दुपारी दोन ते चार मशीन चालवलं तर दुसऱ्या दिवशी नोटीस लागते. उद्यम नोंदणी ऑनलाइन आणि मोफत आहे, कुणाला पैसे देऊ नका. सेवा व्यवसायाची वार्षिक उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर साधारणपणे जीएसटी नोंदणी लागत नाही. मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं, पण पहिल्या वीस गाड्या होईपर्यंत अर्ज करू नका. आतल्या सफाईला लागणारं सामान तीन-चार हजारांत येतं. नोकरी तर अजिबात सोडू नका, रविवार आहेत ना.

आणि प्रत्येक गाडी हातात घेण्याआधी मालकाला समोर उभं करून चारही बाजूंचे फोटो काढा, आधीचे ओरखडे त्यालाच दाखवा. डॅशबोर्डमधले पैसे, चष्मा, कागद त्याच्याच हाताने बाहेर काढायला लावा.

काकांनी दोन वर्षांनी मला पुन्हा गाडी दिली. नुसती आतून साफ करायला. "बॉनेटला हात नको लावूस," म्हणाले. मी बाराशे सांगितले, त्यांनी बाराशे दिले.

पुढच्या व्हिडिओत सीट आणि कार्पेटची सफाई पूर्ण दाखवतो, घड्याळ लावून. तोपर्यंत या रविवारी स्वतःची गाडी करा आणि प्रत्येक टप्प्याला किती मिनिटं लागली ते वहीत लिहून ठेवा. तुमचे आकडे माझ्यापेक्षा वेगळे येतील, आपण तेच घेऊन बसणार आहोत.